रोझिका श्विमर : एका नकाराचा इतिहास

रोझिका श्विमर हे नाव मराठी वाचकांच्या फारसे परिचयाचे नाही. बुडापेस्ट येथे ११ सप्टेंबर १८७७ रोजी ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी १९०४ साली व्हिल्मा ग्ल्युक्लिख यांच्यासह हंगेरीचा स्त्रीवादी संघ स्थापन केला आणि १९१३ मध्ये स्त्रीमताधिकाराची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या नगरीत भरवून दाखविली. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले. हेन्री फोर्ड यांच्या शांतिनौकेची १९१५ ची मोहीम बाईंच्याच आग्रहातून निघाली. ती फसली, आणि तिची थट्टा इतकी झाली की त्यांचे इतर कार्य त्या हशात बुडून गेले.

१९१८ मध्ये कारोयी सरकारने त्यांना स्वित्झर्लंडमध्ये राजदूत नेमले. स्त्रीला असे पद, ही त्या काळी अपूर्वच गोष्ट! परंतु बेला कुन यांची साम्यवादी राजवट आली, ती कोसळून होर्थी यांचा अंमल सुरू झाला, आणि ज्यू, स्त्रीवादी व शांततावादी अशा तिहेरी अपराधाला मायदेशात थारा उरला नाही. १९२० साली त्या व्हिएन्नाला निसटल्या व १९२१ मध्ये अमेरिकेत पोचल्या.

खरी कसोटी तेथे लागली. नागरिकत्वाच्या अर्जात एक प्रश्न होता : प्रसंग पडल्यास देशरक्षणार्थ शस्त्र धराल काय? आपण स्वतः शस्त्र धरणार नाही, असे श्विमरबाईंनी लिहून दिले. पन्नाशीला टेकलेल्या स्त्रीला सैन्यात कोणी बोलावणार नव्हतेच. एक 'होय' लिहून काम भागले असते. २७ मे १९२९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना नागरिकत्व नाकारले. ज्या विचाराचा आपणांस तिटकारा वाटतो त्यालाही स्वातंत्र्य हवे, असे न्यायमूर्ती होम्स यांनी भिन्नमत नोंदविताना म्हटले. आमच्या मते त्या निकालातील टिकाऊ भाग तेवढाच.

पांढुर्णा-सौंसरकडील आम्हां मराठी भाषकांना सीमारेषांचा अनुभव आहे. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. परंतु आमच्या नागरिकत्वाला कोणी हात लावला नाही. श्विमरबाईंना देशच उरला नाही.

१९४६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयाने आपला तो निर्णय मोडीत काढला. तरीही ३ ऑगस्ट १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे बाई वारल्या त्या कोणत्याही राष्ट्राच्या नागरिक नसताना. त्या वर्षी नोबेल शांतता पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले होते, गांधीजींचेही होते. गांधीजींची हत्या जानेवारीतच झाली होती. हयात असा योग्य उमेदवार नाही, असे सांगून समितीने त्या वर्षी ते पारितोषिक कोणासच दिले नाही.