कळवणे हेही कामच

संगणकाच्या पडद्यावरच्या फुटबॉलमधला सांघिक खेळ काही अंशी एका कोसळलेल्या हेलिकॉप्टरपासून सुरू होतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात मिलिंद तांबे युद्धसरावासाठी आभासी वैमानिक घडवत होते. एका सरावात टेहळणीला गेलेले हेलिकॉप्टर टेकडीवर आदळले आणि मागची तुकडी त्याच्या निरोपाची वाट पाहत तशीच थांबली. दुसऱ्या वेळी मोहीम फत्ते झाल्याचे ओळखून म्होरक्या एकटाच तळावर परतला. आपापले काम प्रत्येकाला येत होते. सोबत्यांना कळवायचे असते, हे मात्र कुणाला शिकवलेलेच नव्हते.

फिलिप कोहेन आणि हेक्टर लेव्हेक या संशोधकांनी १९९१ मध्येच मांडले होते, की एकत्र अंगावर घेतलेले काम झाले, किंवा होणार नाही, असे ज्याला कळते त्याने ते इतरांना कळवायलाच हवे. तांबे यांनी हा नियम ‘स्टीम’ या प्रणालीत उतरवला, बोलण्याचा खर्च नि फायदा तोलण्याची सोय त्याला जोडली आणि वैमानिकांचा धडा आभासी फुटबॉलपटूंनाही दिला. नागोयातल्या पहिल्या रोबोकप फुटबॉल स्पर्धेत, १९९७ साली, त्यांचा ‘आयसिस’ संघ तिसरा आला.

तिथले आभासी मैदान इत्सुकी नोदा यांनी रचलेले. अकरा खेळाडू म्हणजे अकरा स्वतंत्र प्रोग्राम. नजर अपुरी नि धूसर, निर्णयाला सेकंदाचा दहावा भाग. हाक मारता येई, पण ती प्रतिस्पर्ध्यालाही ऐकू जाई, दूरवर पोहोचत नसे, गलक्यात हरवे. नोदांची खरी दूरदृष्टी मला या बंधनांतच दिसते. बोलणे फुकट असते, तर एकाच मेंदूने बावीस पाय हलवले असते. संघ घडलाच नसता.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पीटर स्टोन आणि मॅन्युएला व्हेलोसो यांनी बरेचसे बोलणे सामन्याआधीच उरकले. किती वेळ उरला, किती गोलांनी मागे आहोत, त्यानुसार कोणती रचना घ्यायची, हे आधीच ठरलेले. या ठरावाला त्यांनी ‘लॉकर रूम करार’ म्हटले. जुनी हाक प्रतिस्पर्ध्याने पुन्हा मारून फसवू नये म्हणून हाकेत वेळेची सांकेतिक खूणही घातली. १९९९ मध्ये स्टॉकहोमच्या रोबोकपमध्ये त्यांच्या संघाने ११० गोल केले, एकही खाल्ला नाही.

त्या संघाच्या खुल्या केलेल्या कोडवर पोर्तुगीज संशोधकांनी ‘एफसी पोर्तुगाल’ उभा केला आणि २००० साली मेलबर्नला अजिंक्यपद मिळवले. त्यांचा खेळाडू सोबत्यांकडे नसलेली माहिती आपल्यापाशी आहे असे वाटले, तरच बोले.

पुढे हे आभासी मैदान चालवणाऱ्या सर्व्हरने हाक १० अक्षरांवर आणली. चेंडू कुठे आहे आणि कुठल्या वेगाने चालला आहे, एवढे सांगायलाही सांकेतिक लिपी लागू लागली. कुणाकडे कान द्यायचा हे ठरवायला वेगळी आज्ञा आली, आणि आणखी एक, हाताने दिशा दाखवण्याची.