ठराव आणि तळे

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे नगरपालिकेचे ठराव मात्र विस्मरणात गेले आहेत. आमच्या मते, स्थानिक कारभाराविषयीचा मोठा धडा त्या ठरावांतच आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या वा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केले. पालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस या सुधारणेचे पुरस्कर्ते होते. परंतु ठराव दप्तरात राहिला. अन्य धर्मीय तेथे निर्धास्तपणे पाणी भरत. अस्पृश्याची ओंजळ मात्र कोरडीच होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले. तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असता, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

यातून आम्हांस एवढेच दिसते, की बहुमताने दिलेले बहुमत काढूनही घेऊ शकते. म्हणूनच घटनाकारांनी विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा नामोल्लेख पंधराव्या अनुच्छेदात केला. समता ही पालिकेची मेहेरबानी उरली नाही. तो नागरिकाचा हक्क झाला. पुढे १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्यासाठी स्थानिक सभागृहांत जागा राखल्या. ज्यांच्याविषयी ठराव होत, ते स्वतःच ठराव मांडू लागले.

तरीही दप्तर आणि पाणवठा यांतले अंतर आपोआप मिटत नाही. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती अपंग व्यक्तींसाठी सुगम करणे बंधनकारक केले. आपल्या ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांशी चाकाची खुर्ची अडते काय, हे आपण एकदा पाहून यावे. अडत असेल, तर महाडचा तो पहिला ठराव आपल्याही गावी अद्याप दप्तरातच आहे, असे समजावे.