पहिला वार न करण्याचं वचन

मे १९९८ मध्ये पोखरणला पाच चाचण्या झाल्या, महिनाअखेर पाकिस्तानने चागईत उत्तर दिलं. मग प्रश्न आला: बॉम्ब आहे, पण वापरणार कधी?

वाजपेयी सरकारचं उत्तर होतं, पहिला वार आम्ही करणार नाही. हे वचन काही आपला शोध नाही. चीनने १९६४ मध्ये पहिल्या चाचणीच्याच दिवशी ते दिलं. सोव्हिएत संघाने १९८२ मध्ये दिलं, रशियाने १९९३ मध्ये मागे घेतलं. म्हणजे असं वचन मोडताही येतं.

आपल्या वचनाचा मजकूर मात्र नीट वाचायला हवा. ऑगस्ट १९९९ चा मसुदा के. सुब्रह्मण्यम यांच्या सल्लागार मंडळाचा. त्यात प्रतिहल्ला 'दंडात्मक' होता. ४ जानेवारी २००३ ला सरकारने अधिकृत धोरण जाहीर केलं, तेव्हा तो 'प्रचंड' झाला. शिवाय एक खिडकी उघडी ठेवली: रासायनिक किंवा जैविक अस्त्रांनी मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्राचा पर्याय राखून ठेवू. अण्वस्त्र आधी कोण टाकणार मग? आपणच की!

आणखी एक अडचण. भारतीय सैन्य कुठेही असो, त्याच्यावर अणुहल्ला झाला तरी हेच उत्तर. पाकिस्तानने २०११ मध्ये साठेक किलोमीटर पल्ल्याच्या 'नस्र'ची चाचणी केली. समजा, सीमा ओलांडून गेलेल्या आपल्या रणगाड्यांवर त्याने एक छोटा बॉम्ब टाकला. त्याबद्दल आपण त्याची शहरं जाळणार? आम्हाला ते पटत नाही; त्यालाही पटत नसेल, तर धाक कसला?

नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर म्हणाले, स्वतःला बांधून का घ्यायचं? वर, हे माझं वैयक्तिक मत. आता त्या खुर्चीतल्या माणसाला असं खाजगी मत परवडतं का? आम्हाला वाटतं, नाही. या वचनामुळे समोरच्याला घाई करावी लागत नाही. भारत आधी मारेल अशी शंका आली, की तो आपली अस्त्रं वेळेआधी बाहेर काढतो, आणि संकटाच्या रात्री एखादी चुकीची बातमीही पुरते. म्हणून आमच्या मते वचन ठेवावं, 'प्रचंड' हा शब्द काढावा, खिडकी बंद करावी.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजनाथ सिंह पोखरणला म्हणाले, पुढचं परिस्थितीवर अवलंबून. २००३ चा मजकूर त्यानंतरही बदललेला नाही, आणि ती खिडकीही तशीच उघडी आहे.