सत्तर गुणांचे नाणे

१९४९ साली विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक पुस्तक लिहिले. त्याचा विषय मानसशास्त्र नव्हता, तर १७९३ ते १८१४ या काळात अमेरिकेत पाडलेले तांब्याचे मोठे सेंट हा होता. माणसांच्या शरीरयष्टीला १ ते ७ असे अंक देणारा शेल्डन तो हाच. नाण्यांना त्याने १ ते ७० अंक दिले. ओळखण्यापुरते उरलेले नाणे म्हणजे १, टांकसाळीतून आत्ताच निघाल्यासारखे म्हणजे ७०.

सत्तरच का? कारण ही पट्टी मुळात झीज मोजण्यासाठी नव्हतीच, भाव काढण्यासाठी होती. एखाद्या जातीच्या सेंटची मूळ किंमत २ डॉलर आणि दर्जा २० असेल, तर भाव ४० डॉलर. पुढे बाजार बदलला आणि हा गुणाकार निरुपयोगी ठरला. अंक मात्र टिकले, आणि सोन्याचांदीच्या नाण्यांनाही लागले. १९७७ मध्ये अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनने आपल्या नियमांत हीच पट्टी घेतली.

विकणारा म्हणे ६५, घेणारा म्हणे ६०. या भांडणावर तोडगा म्हणून १९८६ मध्ये पीसीजीएस व १९८७ मध्ये एनजीसी या संस्थांचे काम सुरू झाले. नाणे कोणाचे हे न सांगता ते एकाहून अधिक तज्ज्ञांना दाखवायचे, एक अंक ठरवायचा आणि नाणे प्लॅस्टिकच्या डबीत कायमचे बंद करायचे. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक झाकून तपासणी करावी, तसेच हे.

अडचण वरच्या टोकाला आहे. ६० ते ७० या अकरा पायऱ्यांवरची सर्व नाणी न वापरलेली, म्हणजे झीज शून्य. मग मोजायचे काय? टांकसाळीच्या पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे, ठशाचा उठाव, चकाकी, आणि चक्क 'डोळ्यांना भावणे'! पण ६४ आणि ६५ यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. चौतीस आणि पस्तीस गुणांमधला फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको.

त्यामुळे लोक डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठवतात. अंक एकने वाढला, की थांबतात. येथे संख्याशास्त्राचा एक सुंदर धडा आहे. तपासनिसाची चूक कधी वर, कधी खाली अशी यादृच्छिक असली, तरी खालच्या चुका फेरतपासणीला येतात आणि वरच्या डबीतच राहतात. अशाने प्रामाणिक तपासनिसांच्या हातूनही बाजारातले दर्जे चढत जातात. शिवाय जुनी चिठ्ठी परत केली नाही, तर संस्थेच्या यादीत एकाच नाण्याची दोनदा गणती होते.

१९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसच्या 'वस्तुनिष्ठ, सुसंगत' या जाहिरातीतील दाव्यांना हरकत घेतली, आणि प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच वर्षी त्या संस्थेने 'एक्स्पर्ट' नावाची संगणकयंत्रणा दाखवली. ती फार काळ चालली नाही.

आपल्याकडच्या शिवराईला ही पट्टी लावणे तर आणखी अवघड. हाताने ठोकलेल्या नाण्यावर पूर्ण अक्षरे क्वचितच उमटतात. मग अर्धा 'छत्रपति' झिजून गेला की मुळातच ठशाबाहेर राहिला, हे आधी ठरवावे लागते.

खरे-खोटे ठरवण्यातही तज्ज्ञ चुकतात. १९१३ च्या 'लिबर्टी' निकेलची फक्त पाच नाणी माहीत आहेत. त्यांपैकी एकाचा मालक १९६२ मध्ये मोटार अपघातात गेला आणि त्यानंतर ते नाणे बनावट ठरवण्यात आले. चाळीस वर्षे ते घरीच पडून होते. २००३ मध्ये बाल्टिमोर येथे उरलेली चार नाणी शेजारी ठेवून ते तपासले गेले आणि अस्सल निघाले. २०१३ मध्ये ते ३१ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले.

शेल्डन १९७७ मध्ये वारला. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याच जातीचे हलके सेंट त्याने ठेवले होते, हे नंतर उघडकीस आले. जुन्या छायाचित्रांतील ओरखडे जुळवून ती नाणी ओळखली गेली.