दूरच्या नेमाची गोळी

नेमबाजीचे श्रेय वाटताना आपण पहिला वाटा डोळ्याला देतो, दुसरा हाताला आणि उरलेला बंदुकीला. गोळीचे नाव सहसा कोणी घेत नाही. पन्नास पावलांवरील निशाणापुरता हा हिशेब चालून जातो. परंतु निशाण हजार वारांवर नेले म्हणजे तो साफ कोलमडतो. चाप ओढल्यावर डोळा, हात व बंदूक ही तिन्ही मागे राहतात, आणि वारा, गुरुत्वाकर्षण व हवेचा विरोध यांच्याशी सामना एकट्या गोळीलाच करावा लागतो. म्हणूनच स्पर्धेकरिता आपली काडतुसे स्वतःच्या हातांनी भरणारे नेमबाज गोळीच्या निवडीत इतके दिवस घालवितात की, परक्यास तो निव्वळ छांदिष्टपणा वाटावा. ही निवड करण्याचे शास्त्र कसे घडत गेले हे पाहू लागलो म्हणजे एक गोष्ट आपल्या प्रत्ययास वारंवार येते. सर्व काळी व सर्व ठिकाणी उत्तम अशी गोळीच नाही. नळी, अंतर, हेतू आणि भरणारा माणूस यांच्याशी जी जुळते ती त्या ठिकाणी उत्तम. गोळीकडे एकटीकडेच पाहून ज्यांनी निवड केली त्यांना त्याचे मोल द्यावे लागले, आणि एकदा तर ते मोल आपल्या देशाच्या इतिहासात नोंदले गेले आहे.

या शास्त्राचा पाया बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने घातला. तोफविद्येची नवी तत्त्वे मांडणारा त्याचा ग्रंथ १७४२ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी सैनिकांची बंदूक आतून गुळगुळीत व गोळी वाटोळी असे. अशी गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडे, आपटताना तिला कोणती तरी फिरकी मिळे, आणि त्या फिरकीमुळे ती हवेत भलतीकडे वळे. रॉबिन्सने नळीचे टोक मुद्दाम डावीकडे वाकवून बार काढला. गोळी प्रथम डावीकडे गेली खरी, पण पुढे उजवीकडे ओढली गेली. अनिश्चित फिरकीवर उपाय एकच, तो म्हणजे निश्चित फिरकी. आणि ती देण्यासाठी नळीत पेचदार खाचा हव्यात. अशा खाचांची बंदूक म्हणजेच रायफल. जे राष्ट्र तिचे मर्म प्रथम ओळखील त्याचे सैन्य इतरांवर मात करील, असे भाकीत त्याने १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे केले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन हिंदुस्थानात आला व १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला.

भाकीत खरे ठरावयास शंभर वर्षे लागली, याचे कारण गोळीतच होते. खाचांनी गोळीस धरावे तर ती घट्ट बसली पाहिजे; आणि घट्ट गोळी ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून ठोकून उतरवीपर्यंत शत्रू अंगावर येणार. १८४९ साली मिनिए नावाच्या फ्रेंच कप्तानाने ही अडचण दूर केली. त्याची लांबट गोळी नळीत सहज उतरे, पण तिचा बूड पोकळ असे. बार होताच तो बूड फुगून खाचांत रुतून बसे. याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ ची एन्फील्ड रायफल उभी राहिली. तिच्या काडतुसात दारू व गोळी कागदात गुंडाळलेली असत. कागदाचे टोक दातांनी तोडावयाचे आणि वंगण लावलेले गोळीचे टोक नळीत सारावयाचे, अशी कवाईत होती. १८५७ च्या जानेवारीत त्या वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची बातमी डमडमहून पसरली. पुढे काय झाले ते वाचकांस सांगावयास नको. त्या उठावाची कारणे अनेक व खोल होती हे खरे. तथापि ही ठिणगी कोठून आली हे विसरता येत नाही. एन्फील्डची गोळी निवडताना तिचे उड्डाण मोजले गेले. ती दातांजवळ नेणाऱ्या शिपायाचे मन कोणी मोजले नाही.

त्याच वर्षी, १८५७ मध्ये, इंग्लंडात दुसरीच परीक्षा चालू होती. मँचेस्टरचा प्रसिद्ध यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ याने वाऱ्याचा उपद्रव टाळण्याकरिता ५०० वार लांबीचे आच्छादित दालन बांधून गोळीचा अभ्यास केला होता. एन्फील्डची नळी ०.५७७ इंच व्यासाची. त्याने ती ०.४५१ इंचांची केली. गोळीचे वजन मात्र पूर्वीइतकेच, ५३० ग्रेन, ठेवले. वजन तेच व तोंड अरुंद, म्हणजे गोळी लांब झाली. आणि तेवढ्याच वजनास हवेशी झगडावयास कमी जागा मिळाल्यामुळे तिचा वेग दूरवर टिकू लागला. परंतु लांब गोळी सावकाश फिरली तर डगमगते. एन्फील्डच्या नळीत ७८ इंचांत एक फेरा होता. व्हिटवर्थने तो २० इंचांत आणला. दोन्ही बंदुका समोरासमोर आल्या तेव्हा दूरच्या अंतरावर एन्फील्डचा टिकाव लागला नाही. १८६० च्या जुलैत विम्बल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीने बैठकीवर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढली, आणि ४०० वारांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. तरीही सैन्याने ती बंदूक सरसकट स्वीकारली नाही. अरुंद नळी काजळीने लवकर कोंदे, आणि किंमतही फार. मैदानावर जिंकलेली गोळी छावणीत हरली!

स्पर्धेच्या मैदानावर मात लांब गोळीचेच राज्य सुरू झाले. विल्यम मेटफर्ड हा इंजिनिअर १८५७ च्या धामधुमीत ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीत मोंघीर येथे होता. इंग्लंडात परतल्यावर त्याने असे दाखविले की, गोळीचे शिसे किंचित कठीण करून तिला कागद गुंडाळला तर उथळ खाचाही पुरतात. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड व अमेरिका यांचा सामना झाला. अंतरे ८००, ९०० व १००० वार. आयरिश मंडळींजवळ ठासणीच्या रिग्बी रायफली होत्या, तर अमेरिकनांजवळ पाठीमागून भरावयाच्या रेमिंग्टन व शार्प्स. बंदुका इतक्या भिन्न असूनही अमेरिकेचे गुण झाले ९३४ व आयर्लंडचे ९३१. त्यातही मिल्नर या आयरिश नेमबाजाची एक गोळी थेट मध्यावर बसली होती, पण शेजारच्या निशाणाच्या! तिचे गुण धरले गेले नाहीत. जुन्या-नव्या बंदुकांतील अंतर एवढे मिटले, याचे मोठे कारण आम्हांस असे दिसते की, दोन्ही पक्षांच्या नळ्यांतून लांब, जड व कागद गुंडाळलेली एकाच जातीची गोळी निघत होती.

व्हिटवर्थने जे प्रयोगाने साधले त्याला १८७९ साली वूलिचचे गणिताध्यापक ग्रीनहिल यांनी सूत्राचे रूप दिले. गोळी तिच्या व्यासाच्या किती पट लांब आहे ते पाहावे, त्या आकड्याने १५० ला भागावे. जो भागाकार येईल तितक्या व्यासांच्या अंतरात नळीने एक फेरा द्यावा. सूत्र स्थूल असले तरी त्याचा उलट उपयोग आजही होतो: नळी आधीच हातात असेल तर तिला पेलेल एवढ्याच लांबीची गोळी घ्यावी. पुढे धुराविना जळणारी दारू आली. तिच्या वेगापुढे नुसते शिसे टिकेना, म्हणून गोळीवर तांब्याचे कवच चढले.

कवच आले तरी एकाच नळीतल्या दोन गोळ्या दोन ठिकाणी का जातात, हे कोडे उरलेच. मॅसॅच्युसेट्समधील डॉक्टर फ्रँकलिन मॅन यांनी त्याच्या पायी वर्षे घालविली. अवजड नळ्या पक्क्या आधारावर बसवून, वाटेत कागदाचे पडदे लावून, मुद्दाम बिघडविलेल्या गोळ्या त्यांनी झाडून पाहिल्या. १९०९ च्या त्यांच्या ग्रंथातून निघालेले निष्कर्ष आपल्या सहज समजुतीच्या उलट आहेत. गोळीचे नाक थोडे चेपले तर बिघाड थोडका. बूड एका बाजूस दुखावला तर नेम गेलाच. कारण नळी सोडताना दारूचा वायू शेवटचा धक्का देतो तो बुडासच, आणि तो वेडावाकडा असेल तर धक्काही तिरपा बसतो. आजच्या स्पर्धेच्या बहुतेक गोळ्यांच्या नाकावर बारीक छिद्र दिसते त्याचे रहस्य हेच. कवच बुडाकडे अखंड ठेवून नाकाकडे मिटवितात. राहील ती उणीव पुढे राहो, मागे नको.

अमेरिकन सैन्याने १९०६ साली १५० ग्रेनची, सपाट बुडाची, टोकदार गोळी घेतली होती. पहिल्या महायुद्धात तिचा पल्ला तोकडा पडला. १९२६ साली १७३ ग्रेनची, होडीच्या पाठीसारख्या निमुळत्या बुडाची गोळी आली. ती अचूकही होती व दूरही जाई; किंबहुना इतकी दूर जाई की सरावाच्या कित्येक मैदानांची संरक्षित हद्द तिला पुरेना. अखेर १९४० च्या सुमारास सैन्य पुन्हा हलक्या, सपाट बुडाच्या गोळीकडे वळले. व्हिटवर्थला छावणीने अडविले होते. हिला मैदानानेच अडविले.

आज स्वतः काडतुसे भरणारा नेमबाज या साऱ्या अनुभवाचा वारस आहे. प्रथम तो अंतर ठरवितो, मग नळीचा फेरा पाहतो, आणि तिला पेलेल अशी लांब, निमुळत्या बुडाची गोळी घेतो. हवा कापण्याच्या गुणाचा छापील आकडा तो वाचतो, पण तो आकडा एका नमुनेदार गोळीशी केलेली तुलना असून वेगाबरोबर बदलतो, हेही तो जाणतो. तीन गोळ्या एकत्र लागल्या म्हणून तो हुरळून जात नाही. निरनिराळ्या दिवशी पुनःपुन्हा तेच झाले तरच विश्वास ठेवतो. सरतेशेवटी तो डबीतल्या गोळ्या एकेक करून तोलतो व मोजतो, आणि काही बाजूला काढतो. बाजूला काढलेल्या गोळ्यांत दोष असतोच असे नाही. सोबतच्या गोळ्यांसारख्या त्या नसतात, एवढेच. त्या सरावाला जातात.