डीएनएची रेणवीय संरचना

सजीवांच्या पेशींत आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक आम्लाची (डीएनए) अंतर्गत घडण. दोन लांब पेड एकाच अक्षाभोवती उजवा पीळ घेऊन गुंतलेले असतात, हे तिचे ठळक रूप. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी केंब्रिज येथे ते मांडले आणि ‘नेचर’च्या २५ एप्रिल १९५३ च्या अंकात प्रसिद्ध केले. पीळ डोळ्यांत भरतो. पण आनुवंशिकतेच्या दृष्टीने खरी कळ क्षारकांच्या जोड्यांत आहे.

घडण : शर्करा व फॉस्फेट यांचा कणा बाहेरच्या बाजूस, तर ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे क्षारक आतल्या बाजूस असतात. ॲडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन येते; पहिल्या जोडीत दोन, दुसरीत तीन हायड्रोजन बंध असतात. प्रत्येक जोडीत एक दुवलयी व एक एकवलयी क्षारक असल्याने सर्व जोड्यांची रुंदी सारखी भरते. म्हणून क्षारकांचा क्रम कोणताही असो, रेणूचा सुमारे २ नॅनोमीटर व्यास जवळपास तोच राहतो. नियमित चौकटीत हवा तो मजकूर मावतो तो यामुळे. लगतच्या जोड्यांत ०.३४ नॅनोमीटर अंतर असून एका वेढ्यात सुमारे दहा जोड्या येतात. दोन्ही पेडांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. कण्यातील बंध मजबूत, जोड्यांमधले दुबळे. त्यामुळे साखळी न तुटता पेड सुटे होऊ शकतात.

शोधाचा आधार : आनुवंशिक द्रव्य डीएनएच असल्याचा सबळ पुरावा ऑस्वल्ड एव्हरी व सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये दिला होता. ॲडेनीन–थायमीन आणि ग्वानीन–सायटोसीन यांची प्रमाणे समान असतात, हे एर्विन शारगाफ यांनी दाखवले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ मध्ये घेतलेले क्ष-किरण विवर्तनाचे छायाचित्र मॉरिस विल्किन्स यांनी फ्रँकलिन यांच्या अपरोक्ष वॉटसनना दाखवले. या छायाचित्राची कथा एवढी रंगवली गेली आहे, की फ्रँकलिन यांची मोजमापे झाकोळली जातात. प्रत्यक्षात अहवालातून केंब्रिजला पोहोचलेल्या त्यांच्या आकड्यांवरूनच क्रिक यांनी पेडांच्या दिशा उलट असल्याचे ताडले. फ्रँकलिन १९५८ मध्ये वारल्या. १९६२ चे नोबेल पारितोषिक वॉटसन, क्रिक व विल्किन्स यांना मिळाले.

महत्त्व : एका पेडावरील क्रम कळला की समोरच्या पेडावरील क्रम आपोआप ठरतो. पेशीविभाजनापूर्वी पेड विलग होतात व प्रत्येक जुन्या पेडावर नवा पूरक पेड बांधला जातो. मॅथ्यू मेसेल्सन व फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजनावर वाढवलेल्या जीवाणूंत हे सिद्ध केले. एका पेडास इजा झाल्यास दुसऱ्याच्या आधारे दुरुस्तीही होते.

पिळाविषयीचा वाद : इतके गुंतलेले पेड पेशीत सुटतात कसे, ही शंका बराच काळ राहिली. १९७६ मध्ये न्यूझीलंडचे जी. ए. रॉडली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. ससिशेखरन यांनी स्वतंत्रपणे असे प्रतिमान मांडले, की पेड शेजारी-शेजारी असून आळीपाळीने उजवी-डावी वळणे घेतात. जोड्यांचा नियम त्यांनीही कायम ठेवला होता, हे येथे लक्षणीय. तंतूंवरील विवर्तनातून असा वाद निर्णायकपणे मिटवणे अवघड होते; वर्तुळाकार डीएनएवरील प्रयोग आणि १९८० मध्ये रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने उलगडलेली बारा जोड्यांच्या स्फटिकाची रचना यांनी निकाल उजव्या पिळाच्या बाजूने लागला. पेड सोडवण्याचे काम टोपोआयसोमरेझ विकरे करतात. तरीही उजवा पीळ सार्वत्रिक नाही : १९७९ मध्ये अलेक्झांडर रिच यांच्या गटाला स्फटिकात डाव्या पिळाचा झेड-डीएनए आढळला होता.

उपयोजन : सुमारे ९५° से. तापमानास पेड सुटतात आणि थंड केल्यावर पूरक क्रम पुन्हा जुळतात. कॅरी मुलिस यांची १९८३ मधील पॉलिमरेझ शृंखला अभिक्रिया याच गुणावर उभी आहे. कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या आरएनएची आधी डीएनए प्रत करून हीच अभिक्रिया वापरली गेली.