संमतीचा इतिहास

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये हृदय प्रत्यारोपण केले, तेव्हा केप टाउनमधल्या डॉ. बर्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणाला जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासांतच दगावला. भारतात ही शस्त्रक्रिया यशस्वी व्हायला 1994 साल उजाडले. एवढ्या विलंबाचा सगळा दोष कायद्याला देता येणार नाही. परके हृदय शरीराने नाकारू नये म्हणून लागणारे सायक्लोस्पोरिन हे औषधच 1980 च्या दशकात हाती आले. पण औषध आल्यावरही आपण अडून राहिलो, कारण मेंदू मेलेला आणि हृदय चालू असलेला माणूस कायद्याच्या लेखी जिवंतच होता. मूत्रपिंडांचा बाजार मात्र गरिबांच्या जिवावर तेजीत होता. अखेर महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि संसदेने 1994 मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली, मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांना यश आले.

या इतिहासात शल्यविशारदांची नावे राहिली. ज्यांच्या होकारावर सारे उभे आहे, ते दात्यांचे नातेवाईक राहून गेले. मेंदूमृत्यूचा दाखला देण्यासाठी चार डॉक्टर सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतात. त्या वेळी व्हेंटिलेटरवरच्या माणसाची छाती हलत असते, हात उबदार असतो. आईबापांना तो गेला हे पटलेले नसते, आणि तेव्हाच त्यांच्यापुढे अवयवदानाचा प्रश्न येतो. त्यांनी नकार दिला तर तो अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

काहींचे म्हणणे असे की, हयातीत नकार नोंदवला नसेल तर होकारच धरावा. स्पेनमध्ये 1979 पासून असाच कायदा आहे. पण तिथे दात्यांचे प्रमाण वाढू लागले ते 1989 मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था स्थापन होऊन रुग्णालयांत अवयवदानाचे प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यावर. दर दहा लाखांमागे सुमारे 14 वरून ते पुढे 40 च्या वर गेले. आणि आजही तिथे कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. आपल्याकडे समन्वयक बंधनकारक झाला तो कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीने. त्याचे काम होकार मिळाल्यावर संपू नये. अवयव मिळालेला रुग्ण जन्मभर औषधे घेतो आणि ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसाचे ऋण बाळगतो. दात्याच्या घरच्यांना तो रुग्ण जगला की नाही हेही बहुधा कळत नाही. पैशांची मागणी होऊ नये म्हणून ओळख गुप्त ठेवणे योग्यच आहे. मात्र ब्रिटनमध्ये समन्वयकांमार्फत निनावी पत्रे पोहोचवली जातात. तशी सोय आपल्या प्रत्येक प्रत्यारोपण केंद्रात हवी.